किंचित डावीकडे

बसल्या जागी तो किंचित डावीकडे गेला. फार नाही. बाकावर शेजारी कुणी येऊन टेकावं आणि आपण नकळत जरा सरकून त्याला जागा करून द्यावी, तेवढंच. मग ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि जग पुन्हा जागेवर आलं. मांडीवर छपाईची कच्ची पानं होती, हातात पेन्सिल होती, समोर नेहमीची पांढरी फरशी आणि तिच्यातली नेहमीची केसाएवढी चीर होती. संडासाचं दार आतून लावलेलं होतं, म्हणजे ढकलायला कुणी आलेलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्यानं कमोडला शिवी हासडली असती, वाकून खाली बघितलं असतं, निदान एकदा मुद्दाम डोलून तरी बघितलं असतं. पण हा माणूस असा, की बस उशिरा आली तर आधी स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघायचा. कुणी नमस्काराला उत्तर दिलं नाही, तर आपलाच नमस्कार पुटपुटल्यासारखा झाला असेल म्हणायचा. कमोडसारखी जड, पांढरी, ठाम बसलेली वस्तू हलेल, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. हललो ते आपण. आवाजही आपल्याच मानेतून आला. पेन्सिल कानामागे खोचून त्यानं दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं आणि काठोकाठ भरलेलं भांडं ओट्यावर ठेवावं तसं ते अलगद सरळ केलं.

तो पुस्तकांच्या सूची करायचा. पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरांत शब्द आणि पानांचे आकडे असतात, ज्यांच्याकडे सहसा कुणी ढुंकून बघत नाही, ते काम. निवृत्तीचं वय कधीच मागं पडलं होतं. पण प्रकाशनाच्या कचेरीत ते कुणाला आठवलं नव्हतं आणि आपण होऊन आठवण करून देणं त्याला बरं दिसेना. तिथं सगळे त्याला सूचीकार म्हणत. एकदा, पुष्कळ वर्षांपूर्वी, आरोग्यावरच्या एका जाडजूड पुस्तकाच्या सूचीत त्यानं ‘चक्कर : पाहा भोवळ’ असं लिहिलं होतं, आणि बऱ्याच खाली ‘भोवळ : पाहा चक्कर’. एका वाचकानं प्रकाशकांना कळवलं, की या दोन शब्दांमध्ये मी सकाळपासून फेऱ्या मारतो आहे आणि आता मला दोन्ही होत आहे. कचेरी पोट धरधरून हसली. तो मात्र आठवडाभर मान खाली घालून वावरला. आता डोकं सरळ करून बाहेर आल्यावर घरच्या कपाटातून त्यानं तेच पुस्तक काढलं, बायको आत शिलाईयंत्रावर आहे हे बघून घेतलं, आणि सूचीच्या नादी न लागता पानं उलटत गेला. उतारवयात तोल जाणं. बसता-उठताना, मान वाकवून वाचताना, विशेषतः शौचाच्या वेळी. त्यानं पुस्तक मिटलं. एवढं चपखल बसणारं वर्णन त्याला आयुष्यात दुसरं कुठं भेटलं नव्हतं; लग्नाच्या वेळी शिवलेला कोटसुद्धा खांद्यात सैल होता.

तरी त्यानं घाईनं निष्कर्ष काढला नाही. शास्त्रीय पद्धतीवर त्याचा विश्वास होता. दुसऱ्या सकाळी त्यानं स्वयंपाकघरातली एक वाटी पाण्यानं भरली, सदऱ्याआड लपवून आत नेली, सदरा थोडा भिजवला, आणि वाटी फरशीवर पायाशी ठेवली. जग हललं तर पाणी हलेल. पाणी हललं नाही तर हलतोय तो मी. तो बसला, वाट बघितली, आणि डावीकडे गेला. टक्. वाटीतलं पाणी आरशासारखं शांत होतं. त्यात छताचा दिवा दिसत होता, तोही शांत होता. सगळं जग शांत होतं. वाटी फरशीऐवजी पाठीमागच्या टाकीवर ठेवली असती तर निकाल उलटा लागला असता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. ज्याला मुळात स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा करायचा आहे, तो वाटी बरोबर जिथं ठेवायला हवी तिथंच ठेवतो. बाहेर येताना दाराच्या आतल्या हुकाला दोऱ्यानं बांधून लोंबत असलेली बायकोची कात्री त्याच्या कपाळाला लागली. ही इथं कशाला, असं मनात आलं. पण बायकोच्या वस्तूंची कारणं विचारत बसलं तर दिवस पुरत नाही.

दुसरीकडे कुठं बसून ताडून पाहावं, तर त्याचीही सोय नव्हती. घराबाहेर हा विधी त्यानं जन्मात कधी केलेला नव्हता. कचेरीतल्या संडासाच्या दाराशी माणसं बोलत उभी असतात, त्यांच्या देखत आत कसं जायचं? त्यामुळे हे दुखणं त्या एका खोलीपुरतं राहिलं. पण एकदा मनात शिरल्यावर ते तिथंच थोडंच थांबणार! जिन्यात त्याला वाटायचं, आता जातोय. कचेरीतल्या उंच कपाटांच्या शिडीवर चढणं त्यानं सोडलं आणि वरची पुस्तकं मागताना गुडघा चोळायला सुरुवात केली. गुडघा ठणठणीत होता. घरात कुणी नसताना तो एका पायावर उभा राहून बघायचा; आणि वयाच्या त्या टप्प्यावर एका पायावर कुणीच फार वेळ उभं राहत नाही, हे त्याला सांगणारं कुणी नसल्यामुळे दर वेळी नापास व्हायचा. बायकोला सांगायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं. तिचा स्वभाव काळजीचा. ती पडदे शिवायची. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, कापड कापायची, आणि स्टुलावर चढून पडदे स्वतः टांगून द्यायची. अलीकडे मात्र गिऱ्हाइकांनाच टांगायला सांगायची. “मी टांगले की म्हणतात वाकडे झाले. टांगू देत त्यांचे त्यांनाच.” एकदा बोळकांड्यातून जाताना ती भिंतीवर हात फिरवत चालली होती. काय झालं, म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, “ओल येतेय का बघतेय.” भिंत कोरडी ठाक होती. किती बारीक लक्ष आहे हिचं घरात, असं त्याला वाटलं, आणि आपण असे ढासळत चाललेले, म्हणून अधिकच अपराधी वाटलं.

त्याच सुमाराला घरात एक विचित्र शिकवणी सुरू झाली. शिकवणी म्हणून ती कुणीच ठरवली नव्हती. आपण अचानक गेलो तर हिचं कसं होणार, ही काळजी त्याला पोखरू लागली. कारण फ्यूज बदलणं, पाण्याच्या हीटरच्या खालचा खटका, अडकणाऱ्या कडीला खांद्यानं मारायची ती विशिष्ट धडक, हे सगळं त्याच्या एकट्याच्या ताब्यात होतं. म्हणून एका दुपारी तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, “ये, तुला फ्यूज दाखवतो.” एरवी ती म्हणाली असती, तुम्हीच बघा तुमचं ते. त्या दिवशी मात्र लगेच चष्मा लावून आली, मन लावून शिकली, आणि शिकून झाल्यावर म्हणाली, “आता तुम्ही या. भात लावायला दाखवते.” मग अंडं किती वेळ उकडायचं. मग सदऱ्याला बटण कसं टाकायचं. “गाठ आतून मारा, अहो. बाहेरून मारली की लोकांना कळतं.” तो सुईत दोरा ओवायला बसला की ती त्याच्याकडे अशा काही डोळ्यांनी बघायची, की त्याचा दोरा हमखास चुकायचा. त्याला वाटे, माझी विद्यार्थीण किती चटकन तयार होतेय, आता मी गेलो तरी चालेल. या विचारानं त्याला समाधान वाटे आणि लगोलग थोडा रागही येई. एवढं चटकन शिकायची काही गरज नव्हती.

आणि रस्त्यावर दोघं हातात हात अडकवून चालू लागले होते. हेही असंच, कुणी ठरवल्याशिवाय. इतक्या वर्षांच्या संसारात रस्त्यावर त्यांच्यात नेहमी एका माणसाचं अंतर असायचं; कापडाची पिशवी त्या अंतरातून जायची. आता संध्याकाळी भाजी आणायला निघाले की कोपऱ्यापर्यंत ती त्याचं कोपर धरायची, आणि तो ते कोपर अंगाशी घट्ट दाबून घ्यायचा. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानातून ओरडायचा, “सांभाळून हो, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय!” तो लाजून चूर व्हायचा, पण कोपर सोडायचा नाही. सोडून कसं चालेल? तिचा आधार होता म्हणून तर तो सरळ चालत होता. त्याला वडिलांची आठवण यायची. वडील कडक, मुलाच्या पाठीवर हात ठेवणं त्यांना माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षी मात्र बाहेर निघाले की त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. ऐन पस्तिशीत वडिलांचं प्रेम मिळालं म्हणून तो मनातल्या मनात फुलून गेला होता. चालताना खांदा मुद्दाम जरा खाली करायचा, म्हणजे हात आरामात राहावा. पुढं डॉक्टर म्हणाले, यांचा तोल कधीपासून जातोय? आपण प्रेम समजलो तो कठडा होता, हे कळल्यावर त्याला काही दिवस फसवल्यासारखं वाटलं होतं. आता त्याच वडिलांच्या वयाला येऊन, बायकोचा हात कोपरात दाबून धरताना, तिला काय वाटत असेल, तीही फुलत असेल का, आणि खरं कळल्यावर तिलाही फसवल्यासारखं वाटेल का, या विचारानं त्याची पावलं जडावत.

हे असंच चाललं असतं. पण एके सकाळी खालच्या मजल्यावरचा शेजारी दारात उभा राहिला. “या, माझ्याकडे या. छत बघायला या. परवा बशीएवढा डाग होता, आता ताटाएवढा झालाय. मी छत्री घेऊन संडासला जातो, कळलं का? छत्री घेऊन! आणि आत उघडायला जागा नाही.” सूचीकारानं लगेच माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला ठाऊक नव्हतं, पण छत खालच्याचं आणि त्यावरची फरशी आपली, एवढं माफीला पुरेसं होतं.

दुपारी प्लंबर आला. रुंद खांद्यांचा, घामेजलेला, घरात शिरल्यापासून बोलणारा. त्यानं खांद्यावरची पिशवी टेकवली, कमोडच्या दोन्ही कडा जुन्या मित्राचे खांदे धरावेत तशा धरल्या आणि हिसका दिला. टक्. “अरे! हा तर डुलतोय, काका! हत्ती डुलतो तसा डुलतोय!” सूचीकार दारात उभा होता. त्याच्या मागं बायको चौकट धरून उभी होती. “डुलतोय?” त्यानं विचारलं. “म्हणजे… आजपासून?” “आजपासून? हा कैक महिने डुलत असणार. तुम्ही रोज बसता ना यावर? कळलं नाही?” “नाही,” तो म्हणाला. “नाही,” बायकोही त्याच क्षणी म्हणाली. प्लंबरनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि जगात काय काय माणसं असतात अशी मान हलवली.

सूचीकाराला वाटलं, आत्ताच्या आत्ता एका पायावर उभं राहावं. गच्चीवर जावं, शिडी आणून वर चढावं. छातीवरचा केवढा तरी धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवला होता. पण आनंदाला जागा करून देणं त्याच्या अंगवळणी नव्हतं. लगेच दुसरा विचार आला. कमोड डुलतो हे खरं. पण म्हणून मी डुलत नाही, हे कुठं सिद्ध झालं? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. दोघंही डुलत असू, आणि कमोडचं आज उघडकीला आलं, एवढाच फरक. हा दुरुस्त झाला, घट्ट बसला, आणि उद्या सकाळी मी पुन्हा डावीकडे गेलो तर? मग बोट कुणाकडे दाखवणार? हलणारा कमोड ही आता त्याच्याकडची शेवटची सबब होती. इतके महिने ती जवळ असून त्यानं वापरली नव्हती, आणि हाती लागली त्याच घटकेला हा माणूस ती उपटून टाकायला निघाला होता. “तसा फार काही डुलत नाही,” तो म्हणाला. “थोडंबहुत चालायचंच. जुनी वस्तू आहे.” “हो ना,” बायको मागून म्हणाली, “आज राहू दे. सवडीनं बघू.” प्लंबर थक्क झाला. “काकू, खालचा माणूस छत्री घेऊन बसतोय! आणि एक दिवस काका याच्यासकट त्याच्या मांडीत जाऊन बसले म्हणजे?” जिन्यातून खालच्याचा आवाज आला, “काय झालं? सुरू केलं का?” सूचीकार दारातून बाजूला सरकला.

प्लंबरनं पाण्याची कळ बंद केली, टाकी रिकामी केली, भांड्यात उरलेलं पाणी कपड्यानं टिपून घेतलं. बुडाशी दोन बाजूंना दोन नट होते. एक पान्याला दाद देईना, तो करवतीनं कापावा लागला. दुसऱ्याला नुसतं बोट लावलं तर तो बोल्टसकट हातात आला. “बघा, याच्या जिवावर बसत होता तुम्ही.” मग त्यानं कमोड मिठीत घेतला, डुलवला, उचलला आणि बोळकांड्यात पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर आणून आडवा केला. इतकी वर्षं आतल्या खोलीत एकांतात राहिलेली ती वस्तू अशी भर उजेडात, बुड दाखवत आडवी पडलेली बघून सूचीकारानं नजर दुसरीकडे वळवली. बायकोनं पदर नाकाला लावला. आत फरशीत एक काळं भोक होतं, आणि भोकाभोवती गंजून पोपडे धरलेलं, बिडाचं, हातभर घेराचं एक कडं. “चिंधी द्या, काकू, भोक बुजवायला. नाहीतर सगळं गटार घरात येईल वासासकट.” तिनं कुणाच्यातरी पडद्याचा उरलेला तुकडा दिला. प्लंबरनं तो कोंबला. तुकड्यावरची गुलाबी फुलं नेमकी वर आली, आणि त्या गंजक्या कड्यात कुणी ताटवा लावल्यासारखं दिसू लागलं.

“ही फ्लँज,” प्लंबर त्या कड्यावर हातोडी ठोकत म्हणाला. “ही जमिनीला धरून असते, कमोड हिला धरून असतो, आणि तुम्ही कमोडला. ही गेली की सगळे गेले. हे बघा, उजव्या बाजूचा कान तुटलाय. उजवीकडे धरायला काही नाही, मग माणूस जाणार डावीकडे.” सूचीकार वाकून बघत होता. म्हणजे तो तुटका कान आपला नव्हे तर. त्यानं नकळत स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. इतक्या साऱ्या सकाळी आपण ज्यावर बसून इतिहास, वनस्पती, राजे, रोग यांची पानं लावली, त्या सगळ्याच्या तळाशी हे होतं: सूचीत कुठंही न येणारं, एका कानाचं कडं. “आणि बसवलंय तरी कसं!” प्लंबर छिन्नी लावून कडं सोडवत होता. “शिसं ओतलंय कोपऱ्यात, धड सरळ नाही. स्क्रूच्या जागी खिळे! कुठल्या गाढवानं हे केलंय, त्याचा एकदा सत्कार केला पाहिजे.” “तुमचे वडील होते ते,” बायको शांतपणे म्हणाली. हातोडी हवेत थांबली. “माझे?” “हो. तुमच्यासारखेच बोलत होते. त्यांनीही आधीच्याला गाढव म्हटलं होतं.” प्लंबरनं त्या कड्यावरून अंगठा फिरवला. मग छिन्नी पुन्हा लावली, पण आता जरा हळू, जपून. “त्या वेळी मालच तसा मिळायचा,” तो म्हणाला, “पण टिकलं की नाही? बोला, टिकलं की नाही?” शेवटचा तुकडा ‘खळ्’ करून सुटला तेव्हा त्यानं तो बाकीच्या रद्दीत टाकला नाही, पुसून आपल्या पिशवीत ठेवला.

नवी फ्लँज पांढरी, हलकी, खेळण्यासारखी दिसत होती. पाइपात ती रबरासकट बसली, खालच्या जुन्या फरशीला चार ठिकाणी भोकं पाडून स्क्रूनं आवळली गेली, आणि दोन नवे बोल्ट तिच्यातून उभे राहिले. फरशीवर प्लंबरनं पाणसळ ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा इकडे तिकडे धावला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला. “जमीन सरळ आहे तुमची,” तो म्हणाला. या वाक्यावर बायकोनं उसासा टाकल्यासारखं सूचीकाराला ऐकू आलं. फक्त एक अडचण होती. मधल्या काळात फरशीवर दुसरी फरशी बसवली होती, त्यामुळे फ्लँज खोल गेली होती. गळती होऊ नये म्हणून कमोड आणि फ्लँज यांच्यामध्ये मेणाचं कडं घालतात, ते इथं एक पुरणार नव्हतं. प्लंबरनं एकावर एक दोन चढवली. मग कमोड पुन्हा मिठीत घेऊन तो आला. “काका, खाली वाका. बोल्ट भोकाखाली आला की सांगा. मला दिसत नाही.” सूचीकार गुडघ्यांवर बसला आणि गाल फरशीला टेकवून बघू लागला. “कुठं नेऊ? लवकर सांगा, हात भरून आले.” “किंचित,” सूचीकार म्हणाला, “किंचित डावीकडे.” दारात काहीतरी खाली पडलं. बायकोच्या गळ्यातली मापाची पट्टी होती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि पट्टी उचलायचं तिला सुचत नव्हतं.

बोल्ट भोकांतून वर आले. पण कमोड मेणावर तरंगत राहिला. बुड आणि फरशीमध्ये बोटभर फट. “आता वजन पाहिजे,” प्लंबर म्हणाला. “सरळ खाली दाबलं पाहिजे, मग नट आवळायचे. नुसत्या नटांनी ओढलं तर तडकतो. काका, बसा.” सूचीकार बसला. अंगभर कपड्यांनिशी, परक्या माणसासमोर, दार सताड उघडं. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. फट तशीच. प्लंबरनं फरशीवर आडवं होऊन बघितलं. “काका, तुम्हाला वजनच नाही हो! पुस्तकं खाता का नुसती? काकू, तुम्ही या.” “मी? मी कुठं बसू?” “त्यांच्या मांडीवर. मी आवळायला पाहिजे खाली, नाहीतर मीच बसलो असतो.” “काहीतरीच काय!” “काकू, घरचेच आहेत ते!” खालून खालच्याचा आवाज आला, “झालं का हो?” आणि बायको, ओठ घट्ट मिटून, पदर खोचून, आली आणि त्याच्या मांडीवर बसली.

फस्स करून मेण दबलं. दोघं एकदम खाली गेले, अगदी सरळ, आणि तिनं दचकून त्याच्या गळ्याला मिठी मारली. “हलू नका!” प्लंबर ओरडला. “उजवा नट लावतोय. आता अजिबात हलायचं नाही.” दोघं पुतळ्यासारखे बसले. तिचा कान त्याच्या तोंडाशी होता; इतक्या जवळून तो त्यानं कधी पाहिला होता ते आठवेना. त्यावर खडूची बारीक पूड होती. “अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही मघाशी डावीकडे म्हणालात.” “बोल्ट होता तिकडे.” “बोल्टचं नाही.” ती थांबली. “तुम्हाला… इथं बसल्यावर… कधी…” आणि सूचीकाराला एकदम, एखाद्या पानावर शोधत नसताना नेमका हवा तो शब्द दिसावा, तशी ती दाराच्या हुकाला लोंबणारी कात्री दिसली. “ती कात्री,” तो म्हणाला, “दोऱ्याला बांधलेली. तू गवंड्यासारखा ओळंबा केला होतास?” “कात्री सरळच लोंबत राहायची. हलायची ती मीच.” ती म्हणाली. “मग म्हटलं, आता आपले दिवस भरले. म्हणून तुम्हाला भात शिकवला.” “मी वाटी ठेवली होती.” “ती वाटी त्यासाठी होय! मला वाटलं, मुंग्यांसाठी.” “म्हणून फ्यूज शिकवला,” तो म्हणाला. “तू उगाच चटकन शिकलीस.” “आणि तुम्हाला अजून बटण टाकता येत नाही! मी काय काळजीनं मरत होते, की या माणसाला सोडून जायचं तर बटण तरी…” तिचं पोट हलायला लागलं. त्याला वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय. त्याचंही हसू फुटलं, नाकातून, मग तोंडातून, मग अंगभर, आणि दोघं एकमेकांना धरून गदगदा हसू लागले. “हसू नका!” प्लंबर जमिनीवरून कळवळून ओरडला. “अहो काका, काकू, हसू नका, तडकेल! डावा नट राहिलाय अजून!”

तडकला नाही. प्लंबरनं नट आवळले, आळीपाळीनं, थोडं इकडे थोडं तिकडे. पाणसळ कमोडच्या काठावर ठेवली. बुडबुडा मध्ये होता. बुडाशी पांढऱ्या सिमेंटची रेघ फिरवून तो म्हणाला, “ही सुकेपर्यंत कुणी बसायचं नाही. उद्या सकाळी बसा खुशाल. आणि हसायचं ते बाहेर हसा.”

दुसऱ्या सकाळी पहिला मान बायकोनं त्याला दिला. तो दार लावून बसला, पानं मांडीवर घेतली, पेन्सिल धरली, पण वाचलं काहीच नाही. डोळे मिटून डावीकडची वाट बघत राहिला. डावीकडून काही आलं नाही. बाहेर बोळकांड्यात ती उभी आहे हे तिच्या श्वासावरून कळत होतं. “काय?” तिनं शेवटी विचारलं. “काही नाही,” तो म्हणाला. “नीट बसलात ना?” “नीट बसलोय.” मग ती गेली आत, आणि तो बाहेर उभा राहिला, आणि हाच संवाद उलट्या बाजूनं झाला. दोघांनी चहा घेतला. दोघं ठणठणीत होते. बोलायला विशेष काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी भाजी आणायला निघाले. फाटकाबाहेर आल्यावर त्याला जाणवलं, की आपलं कोपर नुसतं हवेत, जरा बाहेर काढलेलं राहिलं आहे. त्यानं ते हळूच आत घेतलं. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती दोघांच्या मधे आली, पूर्वी असायची तशी. चालण्यात काहीही अडचण नव्हती. पाय बरोबर पडत होते, जमीन सरळ होती, पाणसळीनं सांगितलेलंच होतं. म्हणजे इतके महिने ती आपल्याला धरत होती ती तोलासाठी. आणि आपण तिला धरत होतो तेही तोलासाठी. दोन कठडे एकमेकांच्या आधारानं चालले होते आणि न्हाव्याला ते उतू गेल्यासारखं दिसत होतं. हिशेब चोख होता. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. तरी पण हलणारा कमोड आज असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि खालच्याच्या छत्रीची आठवण होऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली. आपण होऊन हात पुढं करावा का? काय म्हणून? कारण विचारलं तर काय सांगायचं? वडिलांनी काय सांगितलं असतं? कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दोघांमधलं अंतर बघितलं आणि ओरडण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

न्हाव्याचं दुकान मागं पडल्यावर तिनं पिशवी पुन्हा पलीकडच्या हातात घेतली. समोरचा रस्ता सपाट होता, नुकताच डांबर घातलेला, लांबवर एक खडासुद्धा नव्हता.

“अहो,” ती रस्त्याकडे बघतच म्हणाली आणि तिनं त्याचं कोपर धरलं, “जपून. पुढं पायरी आहे.”

त्यानं चष्म्यातून नीट निरखून बघितलं.

“आहे खरी,” तो म्हणाला, आणि कोपर घट्ट दाबून, चढण्यासाठी पाऊल उचललं.